मागच्या आंगणात खारींचा उच्छाद: जामापासून कूलरच्या ताट्यांपर्यंत

मनीषनगर_आंगण

नमस्कार मंडळी. घर नागपुरात मनीषनगरला, मागे साधारण ३० बाय २० फुटांचं आंगण. सरदार जातीचे दोन जाम (म्हणजे पेरू), एक भगवा डाळिंब, एक संत्रा, आणि भिंतीवरून आमच्याकडे झुकलेला शेजाऱ्यांचा आंबा. भाजीचे दोन वाफे आहेत, ६ बाय ३ फुटांचे, ठिबकवर. खारी पाच-सहा तरी असतील.

जाम पिकायच्या आधीच अर्धे कुरतडलेले. डाळिंबाला भगदाड पाडून आतले दाणे साफ. संत्र्यालाही भोकं दिसतात आणि फळ गळतं. बरबटी (चवळी), वाटाणा काहीही पेरा, दुसऱ्या दिवशी वाफा उकरलेला. ठिबकची नळी ठिकठिकाणी फुटली. कूलर अजून खिडकीत आहे, तर त्याच्या ताट्यांतलं गवत उपसून नेऊन राहिल्या.

नायलॉनची जाळी लावली तर तिला भोक पाडलं. विष नको, घरात लहान मुलं आणि कुत्रा आहे. आवाजाची यंत्रं, खोडाला पत्रा, तिखटाचं पाणी, डांबरगोळ्या, असं बरंच कानावर येतं. यातलं खरं कामाचं काय, आणि सुरुवात कुठून करावी?

---

संत्रा_बारमाही

ताई, आधी संत्र्याचं प्रकरण वेगळं काढा. ते बहुतेक खारीचं नाहीच.

सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं बारीक गोल भोक, भोवती मऊ पडलेला डाग आणि दाबलं की रस, असं असेल तर तो रस शोषणारा पतंग. अंधार पडल्यावर येतो, सोंडेनं साल भेदतो, मग त्या भोकातून बुरशी शिरते आणि फळ गळतं. आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुललेल्या, फळांना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हा त्रास ठरलेलाच. रात्री आठ-नऊला टॉर्च मारा, फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे लाल चमकतात. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, त्या कंपाउंडला चढल्या असतील तर आधी काढा. गळलेली संत्री झाडाखाली ठेवू नका, पुरून टाका.

बाकी फळांचा चोर ओळखायची सोपी रीत: अंधार पडताना झाडावरची धड फळं मोजून ठेवा आणि उजाडायच्या आत पुन्हा बघा. खार दिवसाची. ऊन चढायच्या आत तिचा एक फेरा, दुपार कलल्यावर दुसरा. रात्रीतून नुकसान झालं तर ती खार नाही. खारीच्या खाण्यात भोकाची कड वेडीवाकडी असते आणि गरावर दोन दातांच्या समांतर चऱ्या दिसतात. डाळिंबाच्या सालीचे तुकडे खाली सांडलेले असतात. झाडाखाली चघळून थुंकलेला चोथा असेल तर वटवाघूळ. देठासकट तोडून, दोन घास खाऊन टाकलेलं फळ म्हणजे पोपट. जमिनीलगतची फळं गेली आणि जवळ लेंड्या दिसल्या तर उंदीर नाहीतर घूस.

हे बघितल्याशिवाय जाळीवर पैसे घालू नका. बारा मिलिमीटरच्या जाळीनं खार अडते, पतंग नाही.

---

परसबाग_वर्धारोड

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. आता खारीपुरतं.

भिंतीवर बाजरी-तांदूळ टाकायची सवय घरात किंवा शेजारी असेल तर आधी ती आवरा. दाणे टाकायचेच असतील तर अर्ध्या तासात पक्षी संपवतील इतकेच, झाडांपासून लांब. दिवसभर दाणे पडून असले की खारी तिथंच मुक्काम ठोकतात आणि पोट भरल्यावरही फळांची चाचपणी सुरूच. खाली पडलेले जाम रोज उचला. त्यात फळमाशीच्या अळ्या असतात, म्हणजे एका कामात दोन फायदे.

कायमचा इलाज मात्र एकच, लोखंडी जाळी. नायलॉन ती पाच मिनिटांत कापते, शिवाय त्यात धामण अडकून मरते ते वेगळं. कोंबड्यांची षटकोनी जाळीही नको, एक इंची भोकातून लहान खार आरामात जाते. गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी घ्या, भोक १२ बाय १२ मिलिमीटर. वाफ्याला २० गेज, फळांच्या पिशव्यांना २२ गेज (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). मधमाशी या भोकातून ये-जा करते, त्यामुळे काकडी-भोपळ्याची फळधारणा अडत नाही.

वाफा. तुमच्या ६ बाय ३ च्या वाफ्याला ३ फूट पन्ह्याची जाळी एका वाफ्यामागे २५ फूट लागेल. हिशेब असा: चारही बाजू मिळून १८ फूट, झाकणाला ६ फूट, एक फूट जोडाला. बाजूची जाळी ३ फूट उंच असली तरी २ फूटच उभी ठेवा, खालचा १ फूट बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून मातीखाली दोन-तीन इंच पसरा. खार फारशी बीळ करत नाही, हा पदर घुशीसाठी. कोपऱ्यात जाळी दोन इंच एकमेकींवर घ्या आणि बाइंडिंग तारेनं दर चार इंचावर बांधा. झाकण एक इंची लाकडी पट्टीच्या चौकटीवर ठोका, चारही बाजूंनी इंचभर बाहेर येऊ द्या आणि दोन कड्या लावा. नुसतं वर ठेवलेलं झाकण कुत्रा सरकवतो.

वाटाणा-बरबटीला धोका मुख्यतः दाणा मातीत असेपर्यंत. रोप वीतभर झालं की खार त्याच्या वाटेला जात नाही, मग झाकण काढून वेल वर जाऊ द्या. वाटाण्याच्या शेंगा भरल्या की पुन्हा लक्ष ठेवावं लागेल. कुंड्यांची माती उकरतात त्याला वर इंचभर बारीक गिट्टी पुरते.

फळं. जाम आणि डाळिंब लिंबाएवढं झालं की पिशवी चढवायची. जामाला ४० बाय २० सेंटिमीटरचा तुकडा कापा, लांबी गुंडाळून साधारण १२ सेंटिमीटर व्यासाची नळी करा, खालचं तोंड चिमटून तारेनं शिवा. वरचं तोंड फळ आत घेऊन फांदीभोवती आवळा. देठाभोवती बांधू नका: २२ गेजची अशी पिशवी साधारण ४० ग्रॅम भरते, वाऱ्यात हेलकावे घेते आणि देठ तुटतो. भगव्या डाळिंबाला ४५ बाय २५ चा तुकडा. कापलेल्या तारांची टोकं सगळी बाहेर वळवा, आत राहिली तर फळाला ओरखडे आणि मग कुज.

फळ जाळीला टेकलं तर खार बाहेरून कुरतडते, म्हणून नळी घट्ट करायचा मोह टाळा. फळमाशीसाठी आत न विणलेल्या कापडाची पांढरी पिशवी आणि बाहेर जाळी, अशी जोडी लागते. नुसती कापडी पिशवी खार फाडते. प्लास्टिकच्या बाटल्या कापून लावतात काही जण, आपल्याकडच्या उन्हात आत फळ शिजतं.

सगळ्या फळांना पिशव्या घालणं होत नाही, करूही नका. हाताला येतील तेवढी चाळीस-पन्नास बांधा, शेंड्याकडची सोडून द्या. जामाचा पावसाळी बहार तसाही फळमाशीत जातो. फेब्रुवारी-मार्चची फुलं बरीचशी खुडून मृग बहार, म्हणजे जून-जुलैची फुलं, धरला तर हिवाळ्यात फळ चांगलं येतं आणि पिशव्यांचं काम एकाच हंगामात उरकतं.

---

मनीषनगर_आंगण

खूप आभार. संत्र्याचं टॉर्च लावून बघितलं, लाल डोळेच होते! भिंतीवर गुळवेलही आहे.

आता आंब्याच्या खोडाला पत्रा मारला तर वरून येणंच बंद होईल का? आणि ठिबक, कूलर?

---

बागुलबुवा

पत्र्याचं काम भूमितीवर चालतं. झाड एकटं असेल, म्हणजे भिंत, वायर, छत, दुसरी फांदी यांपासून सगळीकडून दोन मीटर तरी सुटं असेल, तरच उपयोग. तुमच्या ३० बाय २० मध्ये चार झाडं आणि वर आंबा भिंतीवर टेकलेला, तिथं खोडाला पत्रा म्हणजे मागचं दार उघडं ठेवून पुढच्या दाराला कुलूप. जामाची फांदी तर दोन फुटांवरच फुटते, पत्रा बसवणार कुठे?

नारळ किंवा उंच चिकू सुटा असला तर करावं. २८ गेजचा गॅल्व्हनाइज्ड पत्रा, ६० सेंटिमीटर रुंद, खालची कड जमिनीपासून दीड मीटरवर. खिळे अजिबात नकोत. दोन्ही टोकांना भोकं पाडून मध्ये स्प्रिंग घाला, म्हणजे खोड जाड होईल तसा पत्रा सैल होतो. न वाढणाऱ्या तारेनं आवळलेलं झाड दोन-तीन वर्षांत गळा दाबल्यासारखं होतं. खोडाच्या खाचांतून पत्र्याखाली फट राहिली तर तिथं जाळीचा चुरगाळलेला तुकडा कोंबा. पावसाळ्याआधी पत्रा उघडून आत उधई, मुंग्या बघायच्या. लिंबूवर्गीय झाडाला लावाल तर बोर्डो मलम (बुरशी रोखायला खोडाला फासतात ते) लावायच्या वेळी तो काढावा लागतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि मलम चांगलं वाळल्यावरच पत्रा पुन्हा.

तुमच्यासाठी जास्त कामाचं म्हणजे शेजाऱ्यांशी बोलून आंब्याची भिंतीवर आलेली फांदी फळं उतरल्यावर छाटणं.

आवाजाच्या यंत्राबद्दल: पैसे वाचवा. उघड्यावर तो आवाज चार पावलांत विरतो आणि खारीला सवय होते. प्लास्टिकचं घुबडही तसंच, पहिले दोन-तीन दिवस दरारा, मग त्याच्याच डोक्यावर बसून शेंगा सोलतात. डांबरगोळ्या मोकळ्या हवेत उडून जातात आणि बंद जागेत माणसालाच बाधतात. लहान मुलं आहेत म्हणता, तर घरी आणूच नका.

---

भिवापुरी_तिखट

तिखटाला एवढ्यात मोडीत काढू नका. ते चालतं, पण कुठं आणि किती दिवस हे माहीत असलं पाहिजे.

मिरचीतल्या कॅप्सेसिनची आग सस्तन प्राण्याला लागते, पक्ष्यांना लागत नाही. म्हणूनच बुलबुल-मैना मिरच्या मजेत खातात. तेव्हा पक्ष्यांसाठी ठेवलेल्या बाजरीला तिखट चोळलं तर पक्षी खातील, खार तोंड लावून निघून जाईल.

फवारणीसाठी: १ लिटर पाण्यात ५० ग्रॅम झणझणीत तिखट, पंधरा मिनिटं उकळा, रात्रभर ठेवा, दुपदरी सुती कापडातून गाळा. नीट गाळलं नाही तर पंपाचा नोझल हमखास चोंदतो. त्यात ५ ग्रॅम किसलेला साबण विरघळवा म्हणजे पाला धरून ठेवतो. साबण यापेक्षा जास्त झाला किंवा भर उन्हात फवारलं तर पानांच्या कडा करपतात, म्हणून ऊन उतरल्यावरच मारा. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. उकळताना खिडक्या उघड्या, कुत्रा घरात, डोळ्यांवर चष्मा. वारं असेल तर त्या दिवशी नकोच.

परिणाम चार-पाच दिवस, पाऊस आला की शून्य. त्यामुळे पावसाळ्यात यात जीव काढू नका. ठिबकच्या नळीवर, कुंडीच्या काठावर, कोवळ्या रोपांवर हे बरं. पिकत आलेल्या फळावर मारलं तर खाताना तुम्हालाच कळेल.

---

वायरमन_धरमपेठ

कूलर आणि ठिबकचं मी सांगतो.

ठिबक नळी खार भुकेपोटी फोडत नाही. एक तर तिचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला तिला काहीतरी लागतं, आणि दुसरं, आत पाणी आहे हे तिला कळतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पार गेला की हा प्रकार सगळ्यात जास्त. मातीचं पसरट भांडं सावलीत, वाफ्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा. पाणी दोन इंच, मध्ये एक दगड, नाहीतर पिल्लू बुडतं. पाणी रोज बदला आणि भांडं आठवड्यातून एकदा तरी घासून वाळवा, डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो.

फुटलेल्या जागी टेप गुंडाळू नका, दाबानं सुटते. १६ मिलिमीटरची नळी असेल तर फुटलेला भाग दोन इंच कापून त्याच मापाचा जॉइनर घाला. वाफ्याबाहेरची नळी जुन्या अर्धा-पाऊण इंची पीव्हीसी पाइपमधून ओढून घ्या. अर्ध्या इंचीत १६ ची नळी काही ठिकाणी अडते, पाऊण इंची बरी. वाफ्यातली नळी वाफ्याच्या जाळीच्या आत आलीच.

कूलर. ताट्यांतलं गवत खारीला घरट्यासाठी आयतंच मिळतं. त्याला उपाय दोन. हंगाम संपला असेल तर ताट्या काढा, उन्हात वाळवा, पोत्यात बांधून आत ठेवा. कूलर नुसता झाकून बाहेर ठेवला तर झाकणाखाली घरटं होतं आणि एप्रिलमध्ये पंखा सुरू केल्यावर कळतं. हंगामात ताटीच्या बाहेरून तीच १२ मिलिमीटरची जाळी चौकटीला स्क्रूनं लावा, हवा कमी होत नाही. स्क्रू अशा ठिकाणी घ्या की ताटी बदलताना जाळी निघेल.

पंपाची वायर नीट बघा. आवरण खाल्लेली वायर, खाली पाण्याची टाकी आणि ओला पत्रा, यात माणूस जातो. वायर लवचिक लोखंडी नळीतून घ्या, नळीची दोन्ही तोंडं बंद करा, कूलरला अर्थिंग द्या आणि त्या लाइनला ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. मीटरच्या पेटीत घरटं दिसलं तर हात घालू नका, महावितरणला कळवा.

घराच्या भिंतीत, एसीच्या पाइपच्या भोकात वगैरे येणं-जाणं असेल तर फोमनं बुजवून उपयोग नाही, फोम ती पोखरते. स्टीलचा काथ्या घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट. पण बुजवण्याआधी आत कोणी नाही याची खात्री करा.

---

सेमिनरी_हिल्सवाले

त्या शेवटच्या वाक्यावर जरा जास्त लिहितो, कारण तिथंच घोळ होतो.

आपल्याकडची ही पाच पट्ट्यांची खार. पिल्लांचा काळ साधारण फेब्रुवारी-मार्चपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत, गर्भ चाळीस-बेचाळीस दिवसांचा, एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं. डोळे उघडायलाच तीन आठवडे जातात आणि आईचं दूध सुटायला दोन महिने. भोक बुजवायचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत करावं. तेव्हाही आधी भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा बोळा सैलसर लावून दोन दिवस ठेवा. बोळा हलला नाही तर आत कोणी नाही. हलला तर थांबा.

कूलरमध्ये पिल्लं सापडली तर घरटं उचलून जवळच सावलीत, कुत्र्या-मांजराच्या आवाक्याबाहेर, उघड्या खोक्यात ठेवा आणि लांब व्हा. आई त्यांना तोंडात धरून एकेक करून दुसरीकडे नेते, ती एखादं जादा घरटं राखूनच असते. माणसाचा हात लागला म्हणून टाकते वगैरे काही नसतं. अंधार पडेपर्यंत नेली नाहीत तर कोमट कपड्यात गुंडाळून सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे तिथं पोहोचवा. गायीचं दूध पाजू नका, हगवण लागून मरतात.

पिंजरा लावून खारी पकडायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर ते पूर्णच नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणं, सापळा लावणं, विष घालणं सगळं येतं, आणि खार त्या कायद्याखाली आहे. पकडून गोरेवाड्याकडे सोडून येतात लोक. इकडे आई गेली की घरट्यात पिल्लं उपाशी, आणि रिकाम्या जागेत महिन्याभरात दुसरी खार हजर. उंदराच्या चिकट फळ्याही बाहेर ठेवू नका, त्यात पाली आणि चिमण्या आधी सापडतात. उंदराचं औषध खाल्लेला प्राणी पिंगळ्यानं खाल्ला तर पिंगळाही जातो.

---

मनीषनगर_आंगण

समजलं. ताट्या या रविवारी काढते, मग वाफे. ही जाळी नागपुरात कुठं बघावी? आणि २० गेज म्हणून २४ गळ्यात मारतात का?

---

परसबाग_वर्धारोड

इतवारीत लोहा ओळीला जा, रोल कापून देतात. गेज तोंडी विचारू नका, तार मोजून घ्या: २० गेज साधारण ०.९ मिलिमीटर, २२ गेज ०.७ च्या आसपास, २४ गेज त्याहून बारीक. व्हर्नियर नसेल तर वजनावर जा, १२ मिलिमीटर भोकाची २० गेज जाळी चौरस मीटरला ८०० ग्रॅमच्या वर भरते, २२ गेज ५०० च्या जवळ. आणि एक कोपरा दोन-तीनदा उलटसुलट वाकवून बघा. वेल्डचे टाके उघडले तर ती जाळी पहिल्या पावसाळ्यातच गंजून सुटते, दुसऱ्या दुकानात चला.

दोन वाफ्यांना मिळून २० गेजची ५० फूट. पिशव्यांना २२ गेजची ३ फुटी जाळी ४० सेंटिमीटर लांब कापली की पन्ह्यात २० सेंटिमीटरचे चार तुकडे बसतात, म्हणजे चाळीस जामांना चार मीटर. डाळिंबाचे धरून सहा मीटर घ्या. पत्रा कापायची कात्री आणि जाड हातमोजे त्याच फेरीत घेऊन या.